मेन बंद केला, तरी घरात वीज आहे

प्रश्न थोडक्यात : चिपळूण तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वायरिंग तीसेक वर्षांपूर्वीचं. घरात सासू-सासरे, दोन शाळकरी मुलं आणि त्या स्वतः. पती मुंबईला नोकरीला. पावसाळ्यात लाइट गेली की कधी चार तासांनी येते, कधी रात्रभर येत नाही. म्हणून यंदा ११०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली, पण दोन्ही अजून खोक्यातच आहेत. गावातला नेहमीचा वायरमन म्हणतो, "दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून देतो. एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं हॉलमधल्या सॉकेटला. सगळं घर चालू. लाइट गेली की मेन तेवढा बंद करायचा." मजुरी पाचशे. मीटरशेजारचा ईएलसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून पडतो, तोही काढून टाकू म्हणतो. चिपळूणहून बोलावलेल्या दुसऱ्या माणसाने तीन खोल्यांना वेगळी वायर ओढायची म्हणून नऊ हजार सांगितले. पतीचा कल पाचशेच्या बाजूला. ताई विचारतात : दुसरा माणूस लुबाडतोय का? बॅटरी तर बारा व्होल्टची, तिचा धोका तो काय? फ्रिज आणि विहिरीवरचा एक एचपीचा पंप यावर चालेल ना? आणि बॅटरी स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली तर चालेल का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, की होल्डर बदलणं, फ्यूजला तार घालणं अशी कामं सासरे मेन बंद करून स्वतःच करतात.

ताई,

खोकी अजून उघडली नाहीत हे फार बरं झालं. आधी एवढंच ठरवा, की दोन्ही टोकांना पिन असलेली वायर तुमच्या घरात येणार नाही. पाचशेत नाही, फुकटही नाही. बाकी सगळ्यावर बोलता येईल, पैसे वाचवायचे मार्गही आहेत, पण या एका गोष्टीला मधला मार्ग नाही.

याचं कारण मिस्टरांनाही सांगता यावं म्हणून सविस्तर लिहिते. आजवर तुमच्या घरात वीज एकाच वाटेने आली, पोलावरून मीटरमध्ये आणि मीटरवरून मेन स्विचमध्ये. मेन पाडला की घर मेलं. इन्व्हर्टर आला की घरात विजेचा दुसरा उगम येतो आणि तो मेन स्विचच्या अलीकडे, घराच्या आत असतो. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी इन्व्हर्टरच्या दुसऱ्या बाजूने निघतात ते २३० व्होल्टच, पोलावरून येतात तसेच आणि तितकेच जीवघेणे. इन्व्हर्टर बसवण्याचे सगळे नियम या एकाच गोष्टीतून येतात.

आता ती वायर सॉकेटमध्ये खुपसली असं समजा. पहिला धोका हातातच आहे. एक टोक निसटलं, मुलाच्या पायात वायर अडकून उपटली गेली, तर त्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. सॉकेटमध्ये वीज आत, बोट न पोचेल अशी असते. इथे ती बाहेर आलेली असते. दुसरा धोका लाइट परत येते तेव्हाचा. मेन चालूच राहिला असेल, तर पोलावरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच तारेत समोरासमोर येतात. दोन्ही ५० हर्ट्झच्या असल्या तरी लय जुळलेली नसते. इन्व्हर्टरचं कार्ड क्षणात उडतं, कधी आतले कपॅसिटर फुटून पेटही घेतात.

तिसरा धोका घराबाहेरचा. मेन बंद करायचा विसरला, तर तुमची वीज मीटरमधून उलटी पोलावर जाते. "अख्ख्या वाडीचा लोड आला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो," असं यावर सांगितलं जातं. पुष्कळदा तसं होतंही. पण वादळात झाड पडून तुमच्या घरासमोरचीच तार तुटली असेल, किंवा लाइनमनने पोलावरचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, काढून लाइन वेगळी केली असेल, तर पुढे लोडच उरत नाही. मग ती तार जिवंत राहते. लोड फार नसेल आणि वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचली, तर तिथे ११ हजार व्होल्टचे ४३३ होतात तसे उलट्या दिशेने पुन्हा हजारो होतात. निसर्ग आणि तौक्ते या वादळांनंतर कोकणात लाइनमनांनी दिवसरात्र तारा जोडल्या. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाच्या हातातल्या तारेत तुमच्या हॉलमधून वीज जाऊ शकते. "मेन बंद करायचं लक्षात ठेवा" ही अट रात्री दोन वाजता, पावसात, अर्धवट झोपेत, सासूबाई घरात एकट्या असताना पाळली जाईल याच्यावर दुसऱ्याचा जीव टांगायचा का, एवढंच मिस्टरांना विचारा.

वायरमनला खलनायक करू नका. "कमी पैशात सगळं घर चालू करून दे" असंच बहुधा त्याला सगळीकडे सांगितलं जातं, आणि तो ते करून देतो. पण त्या वायरची गरजच नसते, हे त्यालाही सांगता येईल. घरगुती इन्व्हर्टरच्या पोटात चेंजओव्हर रिले असतो. लाइट असते तेव्हा तो ती पुढे सोडतो आणि बॅटरी चार्ज करतो. लाइट गेली की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि मागची वाट स्वतःच तोडतो. फक्त जे चालवायचं ते इन्व्हर्टरच्या पुढे जोडलेलं हवं. इन्व्हर्टरने मागे, घरभर वीज ढकलायची नसते.

म्हणून तुमच्यासमोर खरे पर्याय पाचशे आणि नऊ हजार हे नाहीतच. एक पर्याय जवळजवळ बिनखर्ची आहे आणि तो कोणी सुचवलेला दिसत नाही. इन्व्हर्टरच्या मागे आउटपुटचं सॉकेट असतं. त्यात चांगल्या प्रतीचा तीन पिनी एक्स्टेन्शन बोर्ड लावा. त्यावर दोन टेबल फॅन, एक-दोन एलईडी दिवे, राउटर, मोबाइल. भिंतीतल्या वायरिंगला हातही लावायचा नाही. या पावसाळ्यापुरतं एवढ्यावर भागेल आणि पैसे जमले की दिवाळीनंतर नीट वायरिंग करता येईल. पथ्यं दोनच. इन्व्हर्टरचा इनपुट प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनी सॉकेटमध्येच हवा, कारण आउटपुटला मिळणारं अर्थिंग तिथूनच येतं. मध्ये दोन पिनी अडॅप्टर घातला की ते तुटतं. आणि एक्स्टेन्शनची वायर दारातून, ओल्या पडवीतून किंवा सतरंजीखालून न्यायची नाही.

आता नऊ हजारांबद्दल. रक्कम योग्य की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पण काम कोणतं ते सांगते. त्याच्याशी ताडून पाहा.

डीबीमधून, म्हणजे स्विचांच्या मुख्य पेटीतून, एक स्वतंत्र १६ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि त्यावर फक्त इन्व्हर्टरच्या इनपुटसाठी १६ अँपियरचा तीन पिनी पॉइंट. आउटपुटपासून एक वेगळा छोटा डीबी. त्यात ६ अँपियरचा डबल पोल, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा, एमसीबी. ११०० व्हीए म्हणजे २३० व्होल्टला पावणेपाच अँपियर, त्यामुळे सहा पुरतो. त्याच डीबीत ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे तुम्ही ईएलसीबी म्हणता तोच. तिथून तीन खोल्यांत एकेक पंखा, एकेक दिवा आणि मोबाइल-राउटरसाठी एक सॉकेट. वायर तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटर, आयएसआय मार्कची. फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (परतीची तार) वेगळा. चिऱ्याच्या भिंती फोडायला नकोत. पट्टी वायरिंग करा, ते दिसतंही आणि दुरुस्तही करता येतं. इन्व्हर्टरच्या फेजला घरभर एकच वेगळा रंग, पिवळा म्हणा, ठरवून घ्या. हिरवा अर्थिंगचा असतो, तो कधीही नाही.

"न्यूट्रलही वेगळा" यावर जरा थांबते, कारण पैसे वाचवायला नेमकी हीच तार गाळली जाते. फक्त एक "इन्व्हर्टर फेज" ओढायचा आणि न्यूट्रल जुन्याच बोर्डातला वापरायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. दिवे त्यावर लागतात. पण आरसीसीबी काम कसं करतो ते पाहा : फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो मोजतो. फरक ३० मिलीअँपियरपर्यंत गेला की तो पडतो. फेज नव्या आरसीसीबीतून गेला आणि न्यूट्रल जुन्या वाटेने परतला, तर दिवा लावताक्षणी फरक दिसतो आणि तो पडतो. मग "इन्व्हर्टरबरोबर ईएलसीबी चालत नाही" असं म्हणून तो काढला जातो. चूक तारेची असते.

तुमचा मीटरशेजारचा ईएलसीबी तर इन्व्हर्टर येण्याआधीपासूनच पडतोय. म्हणजे तो काहीतरी सांगतोय. तीस वर्षांच्या वायरिंगमध्ये पावसाळ्यात ओल धरलेला एखादा बोर्ड, गीझरचं किंवा पंपाचं गळणारं वाइंडिंग, किंवा कुणीतरी कधीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेलं, यातलं एक असणार. शोधायचं असं : सगळे एमसीबी पाडा, सगळे प्लग काढा, ईएलसीबी उचला, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याच्यावर पडेल त्या लाइनीत दोष. न्यूट्रल आणि अर्थिंग भिडलेले असतील तर एमसीबी पाडूनही तो पडत राहील, कारण साध्या एमसीबीने फेजच तुटतो. अशा वेळी वायरमनकडून न्यूट्रल एकेक सोडवून पाहावे लागतात. नवी वायर ओढण्याआधी हे काम करून घ्या, नाहीतर जुना दोष नव्या कामाच्या माथी येईल.

आणि तुमच्या भागात ईएलसीबी काढणं जास्तच धोक्याचं, कारण खालचा जांभा. त्यात अर्थिंग चांगलं लागत नाही, मे महिन्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. अर्थिंगचा रोध समजा २० ओहम आहे. फ्रिजच्या पत्र्यावर फेज उतरला, तर अर्थिंगमधून जाणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. सोळाचा एमसीबी हे बघत बसेल आणि पत्रा जिवंत राहील. ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी मात्र तेवढ्यावर ताबडतोब पडेल. जिथे अर्थिंग कच्चं तिथे जीव वाचवणारी वस्तू हीच. अर्थिंग मोजून घ्याच, पाचच्या खाली यायला हवं. खड्ड्यात नवा इलेक्ट्रोड, भोवती माती सुधारणारं मिश्रण आणि उन्हाळ्यात पाणी. पण अर्थिंग झालं म्हणून ईएलसीबी काढायचा नाही.

मग मीटरशेजारी एक असताना इन्व्हर्टरच्या डीबीत दुसरा कशाला? तर मीटरशेजारचा ईएलसीबी पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. तो लगेच बॅटरीवर येतो आणि आपल्या तीन खोल्यांना वीज देऊ लागतो. दोष त्याच तीन खोल्यांतल्या एखाद्या पंख्यात असेल, तर ईएलसीबीने तोडलेला पुरवठा बॅटरीने पुन्हा जोडला. म्हणून आउटपुटवर दुसरा हवाच.

यातही एक खाच आहे, वायरमनला मुद्दाम विचारा. बॅटरीवर चालताना आउटपुटच्या न्यूट्रलचा जमिनीशी संबंध राहतो का? बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल इनपुटपासून आउटपुटपर्यंत सलग असतो, म्हणजे पोलावरच्या न्यूट्रलमार्फत राहतो. पण डबल पोल मेन पाडला किंवा वादळात न्यूट्रलच तुटला, की तोही संबंध तुटतो. मग पहिला दोष लपून राहतो आणि आरसीसीबी गप्प बसतो. त्याचं टेस्ट बटण तेव्हाही चालतं, म्हणून बटणावर विसंबू नका. मल्टीमीटरने फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायला सांगा. २२०च्या आसपास आणि दोन-चार व्होल्ट आले तर संबंध आहे. दोन्हीकडे शंभर-सव्वाशे आले तर न्यूट्रल तरंगतोय. मग काय करायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावं. घरच्या घरी न्यूट्रल-अर्थ जोडून टाकू नये, त्याने मीटरशेजारचा ईएलसीबी सतत पडेल.

आता बारा व्होल्टचा धोका. बॅटरीच्या टोकांना हात लावला तर सहसा झटका बसत नाही, हे खरं. पण झटका न बसणं म्हणजे धोका नसणं नव्हे. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी शॉर्ट झाली की क्षणभर हजार अँपियरच्या वर करंट सोडते. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो, चिकटतो, शिसं वितळून उडतं. बॅटरी जोडताना किंवा नुसतं पाणी भरतानासुद्धा हातातल्या बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या.

व्होल्ट कमी म्हणून करंट जास्त, हा हिशेब तारेच्या जाडीतही लागतो. ७०० वॅट चालवायला २३० व्होल्टच्या बाजूला तीन-साडेतीन अँपियर जातात. बॅटरीच्या बाजूला सत्तर-पंच्याहत्तर. म्हणून कंपनीने दिलेल्या जाड तारा तशाच ठेवायच्या, वाढवायच्या नाहीत. बॅटरी पडवीत आणि इन्व्हर्टर माजघरात असं केलं, १६ चौरस मिलिमीटरची तार तीन मीटर नेली, तर जाऊन-येऊन सहा मीटरमध्ये अर्धा व्होल्ट खपतो. बारातला अर्धा व्होल्ट फार मोठा. बॅटरीत जीव असताना इन्व्हर्टर "बॅटरी लो" म्हणून बंद पडतो आणि तार तापते ती वेगळीच. दोन्ही एकाच ट्रॉलीवर, तारा मीटरभराच्या आत. टोकाला दाबून बसवलेला लग (भोकाचं धातूचं टोपण) हवा; उघडी तार बोल्टला गुंडाळून नट आवळलेला चालणार नाही. सैल सांधा तापतो आणि आग तिथूनच सुरू होऊ शकते. पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात १०० ते १२५ अँपियरचा डीसी फ्यूज टाकून घ्या, नेमका आकडा इन्व्हर्टरच्या पुस्तिकेतून. त्या जागी घरातला साधा एसी एमसीबी लावू देऊ नका. डीसीचा आर्क, म्हणजे तुटताना पेटणारी सलग ठिणगी, त्याला विझवता येईल याची खात्री नसते.

जागेचं. ओट्याखाली नको, तिथे सिलिंडर आहे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो, आणि इन्व्हर्टरच्या रिलेची ठिणगी तिथेच. उलट बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो हलका, वर जाऊन कोंडतो; हवेत चार टक्के झाला की पेटू शकतो. म्हणून बंद कपाट नको, जिन्याखालची दार लावलेली कोठी नको, देवघराच्या खालचा कप्पाही नको, वर निरांजन असतं. मुलं झोपतात ती खोली नको. पडवीची आतली भिंत बघा, जिथे पागोळ्यांचे शिंतोडे येत नाहीत आणि हवा खेळती आहे. बॅटरी पन्नास-साठ किलोची, दोघांनी उचलायची, जमिनीवर न ठेवता ट्रॉलीत, वर वीत-दीड वीत मोकळं. त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, हे घरात आधीच सांगून ठेवा.

जोडणीचा क्रम असा. इन्व्हर्टरचा स्विच बंद, इनपुट प्लग काढलेला. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. शेवटचं टोक टेकताना छोटी ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरल्याची. पण त्या वेळी बॅटरीची झाकणं बसलेली असू द्या आणि चार्जिंग नुकतंच बंद केलेलं नसावं. लाल-काळा उलटा झाला तर इन्व्हर्टर जातो, म्हणून टोकावरचं अधिक-उणे चिन्ह बोट ठेवून वाचा. मग टोकांना व्हॅसलीन, खाऱ्या दमट हवेत हिरवी बुरशी धरते तिच्यासाठी. मग आउटपुट, शेवटी इनपुट. पहिल्यांदा दहा-बारा तास पूर्ण चार्ज होऊ द्या आणि मगच लोड टाका. काढताना उलटं : इनपुट, स्विच, मग निगेटिव्ह आधी.

फ्रिज आणि पंपाचं उत्तर नाही असंच आहे. एक एचपीचा मोटरपंप चालताना हजार वॅटच्या घरात घेतो आणि सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो. ११०० व्हीएच्या इन्व्हर्टरला तो उचलवत नाही. टाकी लाइट असताना भरून ठेवा. फ्रिज चालू होईलही, पण दर वेळी कॉम्प्रेसर सुरू होताना इन्व्हर्टर गुदमरेल आणि तुमची रात्र कमी होईल. दार न उघडता फ्रिज चारेक तास थंड राहतो.

इथे एक गैरसमज अनेकांचा असतो, म्हणून लिहिते. व्हीए म्हणजे एका वेळी किती ओझं उचलेल. किती वेळ चालेल ते एएचवर. इन्व्हर्टर मोठा घेतला म्हणून रात्र वाढत नाही. तुमची बॅटरी बारा गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तासांची. ती पूर्ण पिळायची नसते आणि बदल करताना थोडी वाया जाते; हातात साडेअकराशेच्या आसपास येतात. तीन जुने पंखे ७५ वॅटचे, पाच एलईडी, राउटर, दोन मोबाइल, असे ३०० वॅट झाले तर साडेतीन-पावणेचार तास. तेच तीन पंखे तीस वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर एकूण १६५ वॅट, आणि वेळ साडेसहा-सात तासांवर जातो. रात्रभर लाइट नसते हा तुमचा खरा त्रास असेल, तर दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. बाकीचे महिने बिलही उतरेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना, ते मात्र खोक्यावर पाहून घ्या. स्क्वेअर वेव्हवर साधे पंखे घरघरतात आणि बीएलडीसी बिघडू शकतात.

पाण्याचं थोडक्यात. दर तीन महिन्यांनी बॅटरीवरचे फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या कांड्या) पाहा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं, आरओचं, पावसाचं नाही. वरून ॲसिड कधीच घालायचं नाही. खुणेच्या वर भरलं तर चार्जिंगला उतू जातं. अंगावर ॲसिड उडालं तर चोळू नका, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन थेट डॉक्टरकडे. जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका.

चिपळूणच्या माणसाला होकार देण्याआधी त्याच्याकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) किंवा विद्युत ठेकेदाराचा परवाना मागा, आणि नऊ हजारांची फोड लिहून मागा : किती मीटर वायर, कुठला आरसीसीबी, किती पॉइंट, मजुरी किती. दुसरा आरसीसीबी आणि वेगळा न्यूट्रल त्या फोडीत नसेल तर तो महाग पडतोय. असेल तर लुबाडत नाही. हीच फोड गावच्या वायरमनला दाखवा. परवाना असेल आणि अशीच करायची तयारी असेल तर त्यालाच काम द्या, पुढे रात्री-अपरात्री धावून येणारा तोच आहे.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी दोन चाचण्या तुमच्यासमोर करून घ्या. मेन बंद, इन्व्हर्टर चालू, तीन खोल्यांत दिवे लागलेले. आता मेन स्विचच्या घराकडच्या दोन टोकांमध्ये टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला बल्ब) धरायला सांगा. तो अजिबात लागता कामा नये. लागला किंवा मिणमिणला, तर वीज मागे जातेय आणि काम अपुरं आहे. मग इन्व्हर्टरचा इनपुट प्लग सॉकेटमधून काढून त्याच्या पिनांमध्ये तोच लॅम्प. तिथेही काही नको. आतला रिले चिकटला असेल तर इथेच कळतं. दुसरी चाचणी वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, पुन्हा करून घ्या.

राहिले सासरे. मेन पाडून होल्डर उघडायची त्यांची सवय आजवर बरोबर होती, इन्व्हर्टर बसला त्या दिवसापासून ती बरोबर राहत नाही. मेन पाडल्यावर इन्व्हर्टरला लाइट गेली असंच वाटेल आणि होल्डरमध्ये वीज येतच राहील. त्यांना शेजारी उभं करून क्रम दाखवा : मेन बंद, इन्व्हर्टरचा स्विच बंद, छोट्या डीबीतला डबल पोल बंद, आणि मग टेस्ट लॅम्प लावून खात्री. खिशातल्या टेस्टरवर भरवसा नको. न्यूट्रल तरंगत असेल तर तो दोन्ही तारांवर मिणमिणतो नाहीतर लागतच नाही. आणि मीटरच्या पेटीवर ऑइलपेंटने ठळक लिहून ठेवा, म्हणजे उद्या लाइनमन आला तरी त्याला दिसेल : "या घरात इन्व्हर्टर आहे. मेन बंद केल्यावरही आत वीज असते. इन्व्हर्टर पडवीत."